सॉफ्टवेअरचे नाव अभ्यासक्रमातून काढा

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या रसायन अभियांत्रिकी अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस,



आपण सध्या अभ्यासक्रमाचे मसुदे नव्याने लिहीत आहात, म्हणून हे पत्र. विनंती एकच आहे आणि ती आडवळणाने करत नाही : प्रोसेस सिम्युलेशनच्या विषयात कोणत्याही सॉफ्टवेअरचे नाव छापू नका. ॲस्पेन नको, हायसिस नको, आणि मला स्वतःला आवडते ते डीडब्ल्यूसिमही नको.

मंडळाच्या बैठकीत हा विषय कसा निघतो ते आपल्याला ठाऊक आहे. कोणीतरी म्हणते, इंडस्ट्रीला ॲस्पेन लागते. दुसरे कोणी म्हणते, परवडत नाही. तिसऱ्याच्या महाविद्यालयात जुने लायसन्स पडून असते, त्यामुळे त्याचा आग्रह त्या नावासाठी. अर्ध्या तासात एक नाव मसुद्यात बसते, त्याखाली दहा प्रयोगांची यादी येते, आणि पुढची चार-पाच वर्षे मुले त्याच यादीतल्या फ्लोशीट काढून प्रिंटआउट जर्नलला चिकटवत राहतात. पण हे काम नक्की कोणत्या कारखान्यासाठी, कोणत्या मिश्रणासाठी शिकवायचे आहे, हे त्या अर्ध्या तासात कोणी विचारत नाही. सॉफ्टवेअर निवडण्याचा विचार खरे तर तिथूनच सुरू व्हायला हवा.

मुलाखतीला आलेल्या नव्या पदवीधरांना मी एकच प्रश्न हमखास विचारतो. प्रकल्पात डिस्टिलेशन कॉलम सिम्युलेट केलेला असतोच. मी विचारतो, "प्रॉपर्टी पॅकेज कोणतं घेतलंत?" उत्तर येते, "पेंग-रॉबिन्सन, सर." "का?" मग थोडी शांतता, आणि "ट्युटोरियलमध्ये तेच होतं" किंवा "सरांनी सांगितलं होतं." प्रकल्प कशाचा होता म्हणून बघावे तर इथेनॉल आणि पाण्याचा.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सिम्युलेटरमध्ये कारखान्याची आकृती काढायची, आत काय जाते ते सांगायचे, आणि बाहेर काय, किती आणि किती तापमानाला येईल ते तो गणिताने काढून देतो. वस्तुमानाचा आणि ऊर्जेचा ताळेबंद सगळेच सिम्युलेटर चोख ठेवतात. त्याच्या मुळाशी मात्र एक निर्णय असतो जो यंत्र घेत नाही, माणसाने घ्यायचा असतो : हे रेणू एकमेकांशी कसे वागतात याचे कोणते समीकरण वापरायचे. पेंग आणि रॉबिन्सन यांनी त्यांचे समीकरण १९७६ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मांडले. नैसर्गिक वायू आणि हायड्रोकार्बन यांच्यासाठी ते फार कामाचे ठरले. हायसिस ज्या हायप्रोटेक कंपनीचे, तीही त्याच अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीची. तेल आणि वायूच्या त्या मुलखात तयार झालेल्या सॉफ्टवेअरच्या ट्युटोरियलमध्ये पेंग-रॉबिन्सन सतत भेटते, यात नवल नाही. चूक आपली आहे. तिथले ट्युटोरियल आपण साखर कारखान्याच्या डिस्टिलरीला जसेच्या तसे लावतो.

हे नुसते तात्त्विक बोलणे वाटू नये म्हणून डिस्टिलरीचेच उदाहरण घेऊ. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारने २०३० वरून २०२५-२६ वर आणले, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी साखर कारखान्यांनी आसवनीचा विस्तार केला. आता समजा एखाद्या विद्यार्थ्याने सिम्युलेटरमध्ये 'आयडियल' पर्याय निवडला, म्हणजे मिश्रण आदर्श धरले. शुद्ध इथेनॉल जिथे उकळते त्या ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा बाष्पदाब पाण्याच्या सव्वादोन पटींहून थोडा जास्त असतो. आदर्श गणिताला एवढे पुरते. ट्रे वाढवत जा, रिफ्लक्स वाढवत जा, वरून ९९.९ टक्के इथेनॉल मिळेल असे ते सांगते. हायसिसमध्ये फिकट निळी रेषा गडद निळी होते, म्हणजे स्ट्रीमचे गणित सुटले. कुठेही लाल रंग नाही, इशारा नाही. विद्यार्थी खूश, परीक्षक खूश.

प्रत्यक्षात वातावरणाच्या दाबाला वजनाने ९५.६ टक्क्यांपाशी, ७८.२ अंशांना, वाफ आणि द्रव यांची घडण एकच होते. त्यापुढे तो कॉलम कितीही उंच केला तरी इथेनॉल शुद्ध होत नाही. इंधनाला लागणारे निर्जल इथेनॉल करण्यासाठी पुढे मॉलिक्युलर सीव्हचे खांब उभे असतात ते याच कारणाने. आदर्श गणितावर विसंबलेल्या मुलाला ते कशासाठी आहेत हे कळणारच नाही, कारण त्याच्या फ्लोशीटमध्ये त्यांची गरजच पडली नव्हती.

एवढी चूक पुष्कळ प्राध्यापक दाखवून देतात. दुसरी चूक फारशी कोणी दाखवत नाही, आणि पैशाच्या दृष्टीने ती तितकीच महत्त्वाची. आंबवलेल्या वॉशमध्ये अल्कोहोल ८ ते १० टक्के, म्हणजे मोलच्या हिशेबात जेमतेम ३ टक्के. कॉलमच्या खालच्या भागात त्याहूनही कमी. मोजलेली आकडेवारी सांगते की द्रवात मोलने सुमारे २ टक्के इथेनॉल असेल तर त्याच्याशी समतोलात असलेल्या वाफेत १७ टक्के असते. आदर्श गणित त्याच ठिकाणी ४ टक्के म्हणते. पाण्याच्या गर्दीत सापडलेले इथेनॉल बाहेर पळायला बघते, आणि हे पळणे आदर्श समीकरणाला दिसत नाही. म्हणजे एकच चुकीची निवड कॉलमच्या वरच्या टोकाला अशक्य ते शक्य करून दाखवते, आणि खालच्या टोकाला सोपे ते अवघड. खाली नको तितके ट्रे, नको तितकी वाफ, वर मात्र स्वप्नातले इथेनॉल. एनआरटीएल, युनिक्वॅक किंवा विल्सन यांपैकी कोणतेही समीकरण घेऊन मोजलेल्या आकड्यांशी जुळवले तर दोन्ही टोके जागेवर येतात. आणि त्या तीनमध्येही फरक आहे : १९६४ चे विल्सनचे समीकरण द्रवाचे दोन थर पडतात अशा मिश्रणाला चालत नाही, १९६८ चे एनआरटीएल चालते. टोल्युइन-पाण्याच्या डिकँटरसाठी विल्सन निवडणारा विद्यार्थी नापासच व्हायला हवा, मग त्याने ते कितीही लाखांच्या सॉफ्टवेअरवर केलेले असो.

एरिक कार्लसन यांनी १९९६ मध्ये 'केमिकल इंजिनिअरिंग प्रोग्रेस' मासिकात लिहिलेला गुणधर्मांच्या निवडीवरचा लेख आजही कामाचा आहे. मिश्रण ध्रुवीय आहे का, दाब किती, विद्युत्-अपघटनी पदार्थ आहेत का, एकेक प्रश्न विचारत तो वाचणाऱ्याला समीकरणापर्यंत नेतो. सिम्युलेशनच्या विषयाचे पहिले तीन आठवडे एवढेच शिकवले, संगणक चालूही केला नाही, तरी माझी तक्रार नाही.

आता नावांकडे येतो, कारण नाव छापण्यातला दुसरा धोका वेगळाच आहे. ॲस्पेनचा जन्म एमआयटीमधल्या, अमेरिकी सरकारच्या पैशावर १९७६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात झाला; १९८१ मध्ये त्यातून ॲस्पेनटेक कंपनी निघाली. २००२ मध्ये तिने हायप्रोटेक विकत घेतली. बाजारातले मोठे स्पर्धकच गिळले म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली, आणि तडजोडीत २००४ मध्ये हायसिसची बौद्धिक संपदा हनीवेलकडे गेली. त्यातून युनिसिम डिझाइन आले. ॲस्पेनटेकही हायसिस विकतच राहिली. म्हणजे आज ही दोन सॉफ्टवेअर एका आईच्या दोन मुलींसारखी आहेत, आणि आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयात एक असते, परीक्षकाला दुसरे येत असते, आणि दोघांनाही वाटते की विषय वेगळा आहे. प्रो-टूचेही तसेच : सिमसाय, मग इन्व्हेन्सिस, मग श्नायडर, आता अव्हेवा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून निघालेले जीप्रॉम्स २०१९ मध्ये सीमेन्सकडे गेले. खुद्द ॲस्पेनटेक २०२५ मध्ये पूर्णपणे एमर्सनची झाली. अभ्यासक्रम एकदा छापला की पाच वर्षे हलत नाही, आणि या कंपन्यांच्या पाट्या त्याहून लवकर बदलतात.

नावामागोमाग येते लायसन्स, आणि लायसन्समागोमाग ती गोष्ट जिच्याबद्दल आपण सगळे मूग गिळून बसतो. व्यापारी सिम्युलेटरची सवलतीची शैक्षणिक लायसन्सेस मिळतात, पण ती मोजकी आणि सहसा ठरावीक मुदतीची असतात. लॅबमधल्या यंत्रांना पुरतात, विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपला नाही. सबमिशन जवळ आले की वसतिगृहात पेनड्राइव्ह फिरतो आणि क्रॅक केलेली प्रत रात्रीत सगळ्यांकडे पोचते. हे शिक्षकांना माहीत असते. कधी शिक्षकच "तुमच्याकडे असेल ते वापरा" असे अर्थपूर्ण म्हणतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी नसेल तर कैद न देण्याची मुभा न्यायालयाला आहे, इतकेच. जो विषय आपण सक्तीचा करतो तो पार पाडायला विद्यार्थ्याला चोरीची प्रत लागत असेल, तर त्या सक्तीत आपला हात आहे. वर हीच मुले नोकरीला लागतात आणि कंपनीच्या यंत्रावर तीच प्रत टाकायला बघतात. आयटीवाल्यांनी पकडले की बिचारी खरोखर गोंधळलेली असतात. कॉलेजात तर हे चालत होते.

यावर तोडगा मुंबईतच तयार आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालणारा, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आणि त्यात डीडब्ल्यूसिम आहे. मूळ ब्राझीलच्या डॅनियल मेदेइरोस यांचे हे काम. विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते. पेंग-रॉबिन्सन, एसआरके, एनआरटीएल, युनिक्वॅक, युनिफॅक सगळे त्यात आहे, आणि केप-ओपन या सामाईक मानकाला ते धरून असल्यामुळे दुसऱ्याचे कॉलमचे मॉडेलही त्यात जोडता येते. फॉसीकडे विद्यार्थी फ्लोशीट करून पाठवतात, ती तपासली जाते, प्रसिद्ध होते, प्रमाणपत्र आणि मानधनही मिळते. जर्नलला चिकटवलेल्या प्रिंटआउटपेक्षा हे कितीतरी बरे, कारण ती फ्लोशीट दुसऱ्या कॉलेजातला कोणीही उघडून चूक काढू शकतो.

डीडब्ल्यूसिमचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अवघड कॉलम कन्व्हर्ज करताना ते कधी कधी घाम काढते. अमाइनने वायू धुण्याचे किंवा तीव्र आम्लांचे काम असेल तर मी आजही व्यापारी सॉफ्टवेअरकडेच जाईन. रिफायनरीच्या ग्राहकाला अहवाल द्यायचा असेल तर तो त्याच्या मान्य यादीतल्या सॉफ्टवेअरचाच मागतो, तिथे वाद घालून उपयोग नसतो. म्हणूनच मी म्हणतो की डीडब्ल्यूसिमचेही नाव छापू नका. ज्याला जे परवडते, जे कायदेशीर आहे आणि ज्या कामाला जे लागू पडते, ते त्या महाविद्यालयाने निवडावे.

पण ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचे आहे ती गोष्ट यांपैकी एकाही नावात नाही.

तारापूर, अंबरनाथ, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ. आपल्या पदवीधरांपैकी कितीतरी जण या एमआयडीसींमध्ये कामाला लागतात. तिथे चोवीस तास एकसारखा वाहणारा कॉलम क्वचित दिसतो. तिथे असतात जीएलआर (काचेच्या अस्तराचे रिॲक्टर), स्टेनलेस स्टीलचे रिॲक्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर, आणि एकाच रिॲक्टरमध्ये सोमवारी एक उत्पादन तर गुरुवारी दुसरे. हे बॅचचे जग आहे. आपल्या लॅबमध्ये शिकवले जाणारे सिम्युलेटर मुळात स्थिर अवस्थेचे आहेत. स्थिर अवस्थेच्या गणितात काळच नसतो. बॅच चालवणाऱ्याला मात्र तासातासाचा हिशेब लागतो.

सॉल्व्हंट रिकव्हरीवर उभे राहून पाहा. रिॲक्टरमध्ये सेंट्रिफ्यूजकडून आलेले ओले आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) भरलेले आहे, जॅकेटला वाफ सोडलेली आहे, वर छोटा पॅक्ड कॉलम आणि कंडेन्सर. ऑपरेटर वाफेच्या तापमानाकडे बघत असतो. आकडा ८० च्या थोडा वर जाऊन थांबतो आणि बराच वेळ हलत नाही. त्याला माहीत आहे की या काळात जे येते ते मुख्य रिसिव्हरमध्ये घ्यायचे. तापमान चढू लागले की व्हॉल्व्ह फिरवून इंटरमीजिएट कटच्या टाकीत. तो त्याला अझिओट्रोप म्हणत नाही, "८० वर अडकतं" म्हणतो. आयपीए आणि पाणी वजनाने सुमारे ८८ टक्क्यांपाशी, ८०.४ अंशांना, एकत्रच उकळतात, हे त्याच्या हाताला ठाऊक आहे. शेजारी उभ्या असलेल्या ट्रेनी इंजिनिअरने सिम्युलेशनमध्ये चांगले गुण मिळवलेले असतात, आणि त्याला विचारले की १२ टक्के पाणी असलेले हे आयपीए परत प्रक्रियेत टाकले तर चालेल का, किती वेळ वाफ चालू ठेवायची, इंटरमीजिएट कट पुढच्या बॅचमध्ये किती घालायचा, तर त्याच्याकडे उत्तर नसते. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असा प्रश्नच येत नव्हता.

बॅचसाठी सॉफ्टवेअर नाही असे नाही. केमकॅडचा बॅच विभाग आहे, प्रोसिमचे बॅचकॉलम आहे, वेळापत्रक आणि उपकरणांचा मेळ घालण्यासाठी इंटेलिजेनचे सुपरप्रो डिझायनर आहे. पण पदवीच्या पातळीवर यातले काहीही विकत घेतले नाही तरी अडत नाही. लॉर्ड रॅले यांनी १९०२ मध्ये दिलेले साध्या बॅच आसवनाचे समीकरण, मोजलेली समतोल-आकडेवारी आणि एक्सेल किंवा पायथन एवढ्यावर वरचा प्रश्न एका दुपारी बऱ्यापैकी सुटतो. त्यात अंदाज असतील, पॅकिंगची कार्यक्षमता धरावी लागेल. पण विद्यार्थ्याने काळ हा घटक स्वतःच्या हाताने गणितात घातलेला असेल.

औषधनिर्मितीच्या मध्यवर्ती पदार्थांचे आणखी एक दुखणे आहे. त्या रेणूंचे क्रांतिक तापमान कोणी मोजलेलेच नसते. बरेचसे उकळण्याआधीच विघटन पावतात. सिम्युलेटर मात्र ती चौकट रिकामी राहू देत नाही, जोबॅकच्या पद्धतीसारख्या गट-योगदानाच्या रीतीने आकडा भरून टाकतो, आणि दशांशानंतर चार अंकांपर्यंत छापतोही. हा आकडा मोजलेला नसून अंदाजाचा आहे, हे ओळखायला शिकवणे अभ्यासक्रमात कुठे लिहिलेले मी पाहिलेले नाही.

"पण प्लेसमेंटचे काय?" हा आपला आक्षेप असणार, आणि तो खोटा नाही. मुंबई-पुण्याच्या डिझाइन कंपन्यांच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरची नावे असतात. ज्या मुलांना तिकडे जायचे आहे त्यांच्यासाठी विद्यापीठाने एक सामाईक केंद्र करावे, पाच-सहा महाविद्यालयांत मिळून मोजकी लायसन्स घ्यावीत आणि शेवटच्या वर्षी ऐच्छिक अभ्यासक्रम द्यावा. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र, अपुरी आणि मुदत संपलेली खरेदी करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. नोकरी देणाऱ्याच्या बाजूने सांगतो, बटणे आम्ही काही आठवड्यांत शिकवतो. हायसिसवाल्याला ॲस्पेन प्लसवर बसवले की सुरुवातीला तो अडखळतो, कारण हायसिस बाहेरच्या स्ट्रीमवरून आतली काढून देते आणि ॲस्पेन प्लस सहसा पुढेच चालते. ही सवय लवकर बदलते. "का?" या प्रश्नाला उत्तर देण्याची सवय मात्र आम्हाला लावता येत नाही, तेवढा वेळ कोणत्याच प्रकल्पात नसतो.

तेव्हा मसुद्यात नावाच्या जागी काय लिहायचे? माझी सूचना परीक्षेपासून सुरू करण्याची आहे, कारण परीक्षा बदलली की शिकवणे आपोआप बदलते. प्रॅक्टिकलच्या दिवशी विद्यार्थ्याला एक मिश्रण द्या आणि त्याची मोजलेली बाष्प-द्रव समतोलाची आकडेवारी छापील कागदावर द्या. त्याने कोणत्याही सिम्युलेटरमध्ये निदान दोन समीकरणे लावून पाहावीत, दोन्हींचे आलेख त्या आकड्यांवर टाकावेत, आणि कुठले का घेतले व ते कुठे चुकते ते चार ओळींत लिहावे. मग कॉलम चालवावा, आणि रिबॉयलरची उष्णता कागदावर हाताने काढून सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडून दाखवावी. निम्मे गुण या लिहिण्या-ताडण्याला, निम्मे फ्लोशीटला. मिश्रणे आळीपाळीने बदलता येतील : इथेनॉल-पाणी, आयपीए-पाणी, टोल्युइन-पाणी, आणि पेंग-रॉबिन्सनवर अन्याय नको म्हणून एखादे प्रोपेन-ब्यूटेनही. बॅचचा एक प्रश्न सक्तीचा.

यासाठी प्रश्नांचा संच तयार करायला, आकडेवारी जुळवून द्यायला मी आणि माझ्या ओळखीचे काही प्रोसेस इंजिनिअर मोबदला न घेता तयार आहोत. आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि मसुदा हरकतींसाठी खुला कराल तेव्हा त्याची मुदत निदान महिनाभराची ठेवावी. कारखान्यातल्या माणसांना शटडाऊनच्या दिवसांत कागद वाचायला वेळ मिळत नाही.

आपला,
एक प्रोसेस इंजिनिअर